तोरणमाळच्या दोन फेऱ्या: मे महिन्यातली फसलेली, नोव्हेंबरातली जमलेली

अमळनेरच्या एका पतसंस्थेत लेखापाल असलेल्या ४३ वर्षांच्या बाई. घरात नवरा, बारावीत गेलेला मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. सासरे चौदा महिने अंथरुणावर होते. त्यांचं अंग पुसणं, रात्री दोनदा कूस बदलून देणं, नळीतून भरवणं, सगळं बाईंच्या अंगावर. फेब्रुवारीत ते गेले. दहावं-तेरावं उरकून बाई कामावर आल्या, तो मार्चअखेर समोर उभा. वसुली, व्याजाची आकारणी, ताळेबंद. एप्रिल सरता सरता त्यांची झोप चार-साडेचार तासांवर आली होती. पहाटे तीनला डोळा उघडायचा, कारण सासऱ्यांची कूस बदलायची ती वेळ. माणूस गेलं, पण घड्याळ अंगातून गेलं नव्हतं.

मे महिन्यात त्या एकट्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आल्या आणि जास्तच थकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर पुन्हा तोरणमाळलाच गेल्या आणि यावेळी बऱ्या होऊन परतल्या. गाव तेच, घाट तोच, तळं तेच. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. ठिकाण कुठलं, या प्रश्नावर आपण फार वेळ घालवतो. इथे ठिकाण कायम होतं आणि बाकी सगळं बदललं होतं.

पहिली फेरी

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापर्यंत कामावर. त्याआधीच्या दोन रात्री घरातल्यांसाठी पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दोन भाज्यांचं वाटण, धुणं, इस्त्री. शुक्रवारी झोपायला एक वाजला. शनिवारी पहाटे रेल्वेने दोंडाईचा, तिथून एसटीने सारंगखेड्याचा तापीवरचा पूल ओलांडून शहादा, शहाद्याहून दुसरी गाडी. शहादा ते तोरणमाळ अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण म्हसावद, राणीपूर सोडून घाट लागला की वेग पडतो. त्यात गाड्या मोजक्या. एक चुकली की डेपोत दोन तास बसून राहायचं. वर पोचायला दुपार झाली.

खानदेशात मे महिन्यात तोरणमाळ आठवणं स्वाभाविक आहे. खाली तापीच्या पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि अकराशे मीटरहून उंच असलेल्या त्या पठारावर संध्याकाळी वारा तरी सुटतो. पण तो वारा मिळवायला आधी त्या ४३ अंशांतून अख्खा दिवस जावं लागतं. बाईंनी दिवसभरात लिटरभरही पाणी प्यायलं नव्हतं. कारण साधं आहे आणि ते कोणी लिहीत नाही: वाटेत बायकांना जाण्यासारखं स्वच्छतागृह नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. रात्री डोकं ठणकलं ते उन्हाने जेवढं, तेवढंच या कोरडेपणाने.

शनिवार असल्यामुळे वर गर्दी. गुजरात आणि मध्य प्रदेशाची हद्द जवळ असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिकडच्याही गाड्या येतात. तळ्याकाठी गाणी मोठ्याने चालू. बाईंनी दुपारी यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचं मंदिर आणि मच्छिंद्रनाथांची गुहा उरकली. रविवारी सकाळी खडकी पॉइंट आणि कमळ तलाव. उतरताना प्रकाशा, कारण सासूबाईंना शब्द दिला होता की जातेच आहे तर तापीकाठच्या केदारेश्वराला पाणी घालून येईन. मग नंदुरबारहून रेल्वे. घरी रात्री पावणेअकरा. सोमवारी सकाळी दहाला खुर्चीवर.

दीड दिवसात फोन एकोणीस वेळा वाजला. त्यातले अकरा फोन घरचे होते, सात कामाचे, एक बहिणीचा. घाटात आणि पठारावर बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, त्यामुळे फोन लागला नाही की घरचे घाबरायचे आणि लागला की दोन कामं सांगायचे.

इथे काय चुकलं ते सांगायला फार शोध लागत नाही, पण एक चूक डोळ्यांआड राहते. 'एकटी का जातेस' या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी देवदर्शन पुढे केलं होतं. आपल्याकडे बाईने एकटीने बाहेर पडायचं तर देव, दवाखाना किंवा माहेर यातलं एक कारण लागतं. देवाचं कारण सगळ्यात सोपं जातं. पण त्या कारणासोबत यादी येते: अमक्याचा नारळ, तमक्याचा अंगारा, वाटेत हेही ठिकाण कर. बाईंची सुट्टी अशी तीन जणांच्या नवसांमध्ये वाटली गेली. श्रद्धा असेल तर दर्शन जरूर घ्यावं. पण विश्रांतीला जायचं असेल तर घरात तसंच सांगावं, पहिल्यांदा जड गेलं तरी.

मधले सहा महिने

जूनमध्ये बाई डॉक्टरांकडे गेल्या, त्याही सासूबाईंच्या तपासणीच्या निमित्ताने. तिथे निघालं ते असं: हिमोग्लोबिन ९.४, रक्तदाब १३८/८८, साखर आणि थायरॉइड ठीक. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, ते त्यांनी दोन वर्षं अंगावर काढलं होतं. म्हणजे जिना चढताना लागणारी धाप, चिडचिड, दुपारची गळून गेल्यासारखी अवस्था यातला बराच भाग लोहाच्या कमतरतेचा होता. तो कुठल्याही डोंगरावर जाऊन भरून निघाला नसता.

म्हणून क्रम हा हवा: आधी तपासणी, मग प्रवास. रक्तातली साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब. यातलं काही बिघडलेलं असेल तर ते आधी हाती घ्यायचं. बाईंना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि आधी-नंतर तासभर चहा टाळायचा, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. दिवसाला सात कप चहा घेणाऱ्या बाईला हे तासाचं अंतर ठेवणं गोळीपेक्षा अवघड गेलं. नोव्हेंबरात हिमोग्लोबिन ११.६ होतं. रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेगळी औषधं चालू झाली होती आणि प्रवासाच्या तारखा ते दिवस टाळून धरल्या.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या, आणि त्या प्रत्येकाने जाण्याआधी स्वतःला विचाराव्यात. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, हताश असतं का? ज्या गोष्टींत जीव रमायचा त्यातही रस उरला नाही, असं आहे का? आणि त्यापुढचा तिसरा प्रश्न: जगणं नको वाटतं का, स्वतःला इजा करावी असं मनात येतं का? या तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर एकट्याने कुठेही जायचं नाही. कडे आणि तळी असलेल्या ठिकाणी तर नाहीच. तेव्हा माणसांत राहायचं आणि लगेच उपचार घ्यायचे. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत मिळते. बाईंचं पहिल्या प्रश्नाला 'कधी कधी', दुसऱ्याला 'नाही', तिसऱ्याला ठाम 'नाही' असं उत्तर होतं. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं.

दुसऱ्या फेरीची तयारी

दिवसांची मांडणी आधी पाहू, कारण निम्मं यश तिथेच मिळालं. रजा पाच दिवसांची, सोमवार ते शुक्रवार. रविवारी दुपारी निघायचं, रात्री शहाद्याला मुक्काम, सोमवारी सकाळी घाट. वर चार रात्री. शुक्रवारी उतरून संध्याकाळी घरी. शनिवार-रविवार घरीच, कुठलंही लग्न-बारसं न घेता. कामावर सोमवारी. शनिवार-रविवारची गर्दी उतरत असताना आपण चढायचं आणि ती पुन्हा चढायच्या आत उतरायचं. प्रवासाचे दोन तुकडे केल्यामुळे एका दिवशी चार तासांपेक्षा जास्त हाडं खिळखिळी झाली नाहीत. पाण्याचा प्रश्नही सुटला: रेल्वे स्टेशन आणि शहाद्याचं लॉज अशा दोन ठिकाणी जायची सोय होती, मग पाणी तोडायचं कारण नव्हतं.

महिना नोव्हेंबरचाच का? पतसंस्थेत सप्टेंबरअखेरचे अर्धवार्षिक हिशेब झालेले, दिवाळीच्या ठेवींची धावपळ संपलेली, डिसेंबरअखेर अजून लांब. मुलाच्या बारावीच्या परीक्षेलाही वेळ होता. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. त्या दिवसांत दोंडाईचा-शहादा रस्त्यावर वाहनांची रीघ असते आणि आसपासच्या लॉजवर खोली मिळत नाही. म्हणून त्याच्या आधीचा आठवडा धरला. पावसाळ्यात तोरणमाळ हिरवंगार असतं, सीताखाईचा धबधबा पाहावा तर तेव्हाच, पण घाटात धुकं आणि दरडी. एकट्याने विश्रांतीसाठी जाणाऱ्याने तो मोह आवरावा.

घर सोपवणं हे खरं काम. बाईंनी या वेळी एकही पुरी लाटली नाही. पाच दिवसांसाठी दोन्ही वेळचा डबा एका खानावळीत सांगितला: वरण, भाजी, सहा भाकरी, सासूबाईंना भात कमी. स्वयंपाक करून ठेवायचा ठरवला की जाण्याआधीच्या तीन रात्री त्यातच जातात आणि सुट्टी उणेपासून सुरू होते. सासूबाईंच्या गोळ्या सात खणांच्या डब्यात भरल्या, सकाळ-रात्र वेगळी. इन्सुलिन देण्याचं काम मुलाला आठ दिवस आधीपासून शिकवलं आणि तीन वेळा त्याच्याच हातून देववलं. चिठ्ठी लिहून दिली असती तर पहिल्याच दिवशी फोन आला असता. हाताला सवय झाल्यावर आला नाही. साखर उतरून घाम, थरथर सुरू झाली तर काय द्यायचं, तेवढं मात्र फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवलं: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता १०८.

कामावरची सोपवणी लेखी केली. तिजोरीची आपल्या ताब्यातली किल्ली नोंदवहीत सही घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. रोजकीर्द कोण जुळवणार, पिग्मी एजंटांचा भरणा कोण घेणार, कुठल्या तीन कर्जदारांचे हप्ते त्या आठवड्यात येतात, हे एका पानावर. पानाच्या तळाशी एक ओळ: 'सोमवारपर्यंत थांबू शकेल ते थांबवा.' अनेकांचं सोपवणं इथेच फसतं. काम देतात, पण निर्णय देत नाहीत. मग प्रत्येक निर्णयासाठी फोन येतो आणि त्यात समोरच्याचा दोष नसतो.

घरात सांगितलं ते सरळ. सासूबाई म्हणाल्या, "एकलीच कसाले जास माय? नणंदेले ली जाय." बाईंनी उत्तर दिलं की नणंदबाई आल्या तर मी त्यांची सोय पाहत बसेन, मला पाच दिवस कोणाचीच सोय बघायची नाही. हे वाक्य सासूबाईंना लागलं नाही. उलट पटलं, असं पुढच्या आठवड्यात दिसलं. चौदा महिने सून काय करत होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

फोनचा करार असा: रोज संध्याकाळी सात ते साडेसात या वेळात बाई फोन करतील, तेही फक्त नवऱ्याला. रेंज नसेल तर निवासाच्या कार्यालयातून. त्या दिवशी फोन आलाच नाही तर रात्री नऊला घरून कार्यालयात एक फोन करायचा, त्याआधी नाही. खरी अडचण असेल तरच कधीही. 'खरी अडचण' म्हणजे काय, तेही ठरवलं: दवाखान्यात भरती, अपघात, मृत्यू. गॅस संपणं त्यात येत नाही.

एकट्या बाईला खोली मिळणं हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे. अनेक लॉज आणि भक्तनिवास एकट्या माणसाला, मग बाई असो की पुरुष, खोली देत नाहीत. मागे कुठेतरी कोणीतरी खोलीत जिवाचं बरंवाईट केलेलं असतं, पोलिसांचा ससेमिरा लागलेला असतो, म्हणून तो नियम. त्यावर रागावून उपयोग नाही, आधी फोन करून मोकळं बोलण्याचा उपयोग होतो. मी एकटी येते आहे, इतक्या रात्री राहणार, आधार कार्ड आहे, घरचा हा क्रमांक लिहून घ्या, हवं तर आत्ता बोलून खात्री करा. शहाद्याच्या पहिल्या लॉजने तरीही नकार दिला. दुसऱ्याने नवऱ्याशी बोलून होकार दिला. रात्री आठला दारात उभं राहून हे ऐकावं लागलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून हा फोन आठ दिवस आधी करावा. वरचं आरक्षण सरकारी पर्यटक निवासात होतं, पैसे आधी भरलेले. खोली मागताना तीन गोष्टी मागितल्या: स्वयंपाकघर आणि जनरेटरपासून लांब, आतून नीट लागणारी कडी, आणि गरम पाणी कोणत्या वेळेत मिळतं त्याची माहिती.

सामान मोजकं. दोन गरम कपडे, कानटोपी, सुती मोजे, बॅटरी, कारण वीज जाते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, दोन दिवस पुरतील इतके. आपली औषधं, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची चार पाकिटं. पाच हजार रुपये रोख, पन्नास-शंभराच्या नोटांत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेले. रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत आणि वर सुट्यांचीही मारामार असते. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासखर्च नगण्य. एक वही. एकही पुस्तक नाही. हे शेवटचं बाईंनी स्वतः ठरवलं आणि आमच्या मते बरोबर ठरवलं: हिशेबनीस माणूस पाच पुस्तकं घेऊन गेला की पाचही संपवायच्या मागे लागतो.

पाच रात्री

रविवारची शहाद्याची रात्र वाईट गेली. नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जागा राहतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं आहे. पहिल्या रात्री झोप आली नाही म्हणून 'मला इथे चैन पडणार नाही' असा निष्कर्ष काढू नये. ती रात्र शहाद्याला खर्ची पडली, हा प्रवासाचे दोन तुकडे करण्याचा न योजलेला फायदा.

सोमवारी घाटात उसाच्या ट्रॅक्टरांची गर्दी नव्हती, ती सगळी खाली साखर कारखान्याच्या रस्त्याला होती. तिथेच पाऊण तास गेला. वर पोचल्यावर बाई दुपारी अडीच तास झोपल्या आणि उठल्या त्या डोकं धरून. ही डोकेदुखी समजून घेण्यासारखी आहे. एक तर चहा सातवरून दोनवर आला होता आणि चहा-कॉफी अचानक तुटली की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं. दुसरं, ताण एकदम उतरतो तेव्हाही काही जणांचं डोकं उठतं, सर्दी होते. सुट्टीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी आजारी पडणारी माणसं आपण पाहतो, त्यामागे हे असतं. उपाय: जाण्याआधीच्या आठवड्यात रोज एक कप कमी करत जायचं. बाईंचं ते राहून गेलं होतं. त्यांनी संध्याकाळी आणखी एक कप घेतला आणि बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी यशवंत तलावाच्या काठाने चालताना त्यांना रडू आलं. निमित्त काही नाही. पाण्यावर ऊन आलं आणि रडू आलं. सासऱ्यांसाठी त्या आजवर रडल्याच नव्हत्या. तेरा दिवस पाहुण्यांचं चहापाणी पाहण्यात गेले आणि चौदाव्या दिवशी कामावर. सेवा करणाऱ्याच्या दुःखाला आपल्या घरांत जागा ठेवलेली नसते, म्हणून ते असं नऊ महिन्यांनी तळ्याकाठी बाहेर पडतं. हे बिघडण्याचं लक्षण नाही. अर्धा-पाऊण तासात ओसरलं, नंतर भूक लागली, भाकरी गोड लागली, तर ते चांगलंच समजावं. दिवसभर थांबलं नाही, खाणं सुटलं, तर खाली उतरून आपल्या माणसांत यावं.

बुधवार सगळ्यात अवघड. कंटाळा. सकाळी दहालाच त्यांनी खाली जाणाऱ्या गाडीची वेळ विचारली. तिसऱ्या दिवशी बहुतेकांचं असं होतं. दमणं थोडं उतरलेलं असतं, पण नुसतं बसायची सवय नसते, आणि 'मी इथे बसून आहे नि घरी काम पडलंय' ही टोचणी सुरू होते. मे महिन्यातल्या फेरीत हा दिवस आलाच नव्हता. तिसरा दिवस उजाडायच्या आत त्या घरी होत्या. कंटाळ्याच्या या दिवसाला ओलांडून गेल्याशिवाय पुढची झोप मिळत नाही, म्हणून किमान चार रात्री हव्यात.

ते ओलांडायला त्यांनी तीन गोष्टी केल्या. वहीत वीस मिनिटं जे मनात येईल ते लिहिलं, पुन्हा वाचलं नाही. निवासाच्या स्वयंपाकघरात तिथे काम करणाऱ्या, पावरा या आदिवासी समाजातल्या बाईंशेजारी बसून तासभर मटार सोलले; हाताला काम पण डोक्याला नाही, असं काम त्या दिवसाला फार मानवतं. आणि दुपारी मच्छिंद्रनाथांच्या गुहेपर्यंत जाऊन आल्या, मे महिन्यात जिथे दहा मिनिटं उभ्या होत्या तिथे दीड तास बसल्या. जर्मन संशोधक साबिने सोनेनटाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली थकव्यातून सावरण्याचे चार धागे सांगितले: कामापासून मन सुटणं, शरीर सैलावणं, एखादी नवी गोष्ट जमणं आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. आपल्याकडच्या घरातल्या बाईला यातला चौथा धागा वर्षानुवर्षं मिळत नाही. कधी उठायचं, कधी जेवायचं हे ती स्वतः ठरवत नाही. एकट्याने जाण्याची मोठी किंमत इथे वसूल होते. सोबत कितीही प्रेमाची असली तरी सोबतीच्या भुकेचं घड्याळ सोबत येतं.

बुधवारी रात्री थंडी वाढली. आवारातल्या कामगाराने आपुलकीने विस्तवाची शेगडी खोलीत आणून ठेवू का विचारलं. बाईंनी नको म्हटलं आणि ते जिवावरचं संकट टळलं. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. शेकायचं ते बाहेर अंगणात. खोलीत जादा घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी. स्नानघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवूनच वापरायचा.

फिरण्याचे नियमही पक्के होते. निघताना कार्यालयात सांगायचं: या बाजूला जाते, अमुक वाजता परत येते. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी आवारात. सीताखाईच्या कड्यापासून दहा पावलं आत, कारण काठाचा मुरूम पावलाखाली सरकतो आणि एकटं माणूस घसरलं तर हाक कोणाच्या कानी जात नाही. पायवाट सोडायची नाही. वाटेत कोणी 'एकट्याच का ताई?' विचारलं तर 'मंडळी निवासात आहेत' एवढंच. या एका बाबतीत खरं सांगायचं बंधन स्वतःवर घालू नये.

गुरुवारी रात्री बाई साडेनऊला झोपल्या आणि सकाळी सहाला जाग आली. तीन वाजता जाग आली नव्हती. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या फेरीतही चुका झाल्याच. मंगळवारी संध्याकाळी कार्यालयाचाही फोन बंद होता, ठरल्याप्रमाणे नऊला घरून फोन लागला नाही आणि नवऱ्याची रात्र जागून गेली. रेंज आणि कार्यालय दोन्ही बंद पडलं तर काय, याची सोय हवी होती: गावातल्या एखाद्या दुकानाचा क्रमांक, किंवा सरळ 'उद्या सकाळी दहापर्यंत वाट पाहा' असं आधीच ठरवलेलं. लोहाच्या गोळ्या आणि पाणी कमी यामुळे पोट साफ होत नव्हतं, थंडीत तहान लागत नाही हे लक्षात आलं नाही. शुक्रवारी सकाळची गाडी आलीच नाही. दुसऱ्या प्रवाशांबरोबर जीप करून उतरावं लागलं. खाली उतरायच्या दिवशी पुढची रेल्वे गाठायचीच असा हिशेब ठेवला असता तर चार दिवसांचं सगळं त्या चार तासांत गेलं असतं. त्यांनी ठेवला नव्हता.

परतल्यावर

शनिवार-रविवारच्या दोन दिवसांबद्दल घरात थोडी कुरबूर झाली. 'आली ना आराम करून, मग आता काय?' पण याच दोन दिवसांत त्यांनी वही उघडली आणि घरातली दोन कामं कायमची सोडली. इन्सुलिन मुलाकडेच राहिलं, परीक्षेच्या महिन्यात नवऱ्याकडे गेलं. शनिवारचा आठवडी भाजीबाजार दिराकडे.

पहिले दोन आठवडे झोप साडेसहा ते सात तास. चौथ्या आठवड्यात, डिसेंबरअखेरच्या कामात, पुन्हा साडेपाचवर. हे अपेक्षितच होतं. कामावर रुजू झाल्यावर सुट्टीचा परिणाम काही आठवड्यांत विरतो, असं सुट्टीवरच्या संशोधनांतून वारंवार दिसलं आहे. साठवून ठेवता येईल अशी ही गोष्ट नाही. पण पहाटे तीनची जाग परत आली नाही, आणि तीन महिन्यांनी रक्तदाब १२६/८२ होता. त्यात लोहाच्या आणि रक्तस्रावाच्या औषधांचा वाटा किती, चार रात्रींचा किती आणि सोडलेल्या दोन कामांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. आमचा अंदाज सोडलेल्या कामांकडे झुकतो. ती कामं सोडायचं धाडस मात्र घरात बसून झालं नसतं.

सगळा खर्च अकरा हजारांच्या आसपास आला, त्यातला मोठा भाग खोलीचा. पुढची रजा त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मांडली आहे, अर्धवार्षिक हिशेब होताच. पाऊस ओसरलेला असेल आणि घाट मोकळा झालेला असेल. या वेळी चहा पंधरा दिवस आधीपासून कमी करायचा, शहाद्याच्या त्याच लॉजला आधी फोन करायचा आणि तोरणमाळमधल्या एका किराणा दुकानाचा क्रमांक नवऱ्याकडे लिहून ठेवायचा, एवढं त्यांनी कॅलेंडरच्या त्या पानामागे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.